आधी खाडी, मग किल्ला : विजयदुर्गाच्या अभ्यासाकडे

डोंगरी किल्ला कसा पाहायचा हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. माची कुठली, बालेकिल्ला कुठला, टाक्यांचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे त्याला चढता चढता कळत जाते. तोच माणूस जलदुर्गात शिरला की थोडा बावरतो. तट बघतो, बुरुजांची नावे विचारतो, तोफेवर हात ठेवून फोटो काढतो आणि तासाभरात शहाळ्याच्या गाडीपाशी परत येतो. यात त्याचा दोष नाही. समुद्री किल्ल्यावरची आपली बहुतेक पुस्तके त्याला जमिनीच्या बाजूच्या दरवाजातून आत नेतात, आणि हा किल्ला त्या दरवाजासाठी बांधलेलाच नव्हता.

मराठी आरमाराच्या आणि जलदुर्गांच्या अभ्यासात नव्याने येऊ पाहणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. उदाहरण म्हणून एकच किल्ला घेतला आहे, देवगड तालुक्यातला विजयदुर्ग. युरोपीय कागदपत्रांत तो घेरिया या नावाने येतो. सिंधुदुर्ग अधिक देखणा आहे आणि जंजिऱ्याची ऐट वेगळी, हे मान्य. तरी लष्करी इतिहासाचा धडा म्हणून विजयदुर्गाला तोड नाही असे माझे मत आहे. तिहेरी तटाचा हा किल्ला शंभर वर्षे हल्ले झेलत राहिला. त्याच्याबद्दल मराठी, इंग्रजी, पोर्तुगीज आणि डच अशा चार भाषांत कागद आहेत. तो कसा जिंकला गेला हे बऱ्यापैकी ठाऊक आहे आणि कसा निकामी झाला हे जवळपास कुणीच सांगितलेले नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असे समजण्याची चूक आपण फार सहज करतो.

सुरुवात खाडीपासून करावी. वाघोटनची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे दक्षिणेकडच्या भूशिरावर किल्ला आहे. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध साचतो. ओहोटीला त्यावरून मोठे जहाज आत येत नाही आणि पावसाळ्यात तर त्या बांधावर लाटा फुटत असतात. विजयदुर्गाच्या तोंडाशी असा बांध नाही. पाणी खोल, नैर्ऋत्येच्या वाऱ्याला भूशिराचा आडोसा आणि आत मैलोन्‌मैल सुरक्षित पाणी. ही खाडी खारेपाटणापर्यंत होड्यांना वाट देते, आणि तिथून पुढे घाटवाटांनी कोल्हापूरकडे जाता येते. म्हणजे घाटावरचा माल, सह्याद्रीच्या उतारावरचे लाकूड आणि समुद्राचे दार एकाच पाण्यावर. किल्ल्याची पहिली उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या नावावर सांगितली जाते. पुढे तो आदिलशाहीत गेला, तिथून शिवाजी महाराजांकडे आला. आज दिसणाऱ्या तटबंदीचे मोठे काम त्यांच्या काळातले मानतात. राजवटी बदलल्या तरी प्रत्येकीला हीच जागा हवीशी वाटली, ती या खाडीमुळे.

किल्ला सोडून खाडीने थोडे आत गेले की गिर्ये गावाच्या हद्दीत आरमारी गोदी आहे. पर्यटक इथे क्वचित येतात; अभ्यासकाने मात्र आधी इथेच यावे. खडक फोडून तयार केलेला हा एक प्रचंड आयताकृती हौद आहे. लांबी साधारण साडेतीनशे फूट, रुंदी सव्वादोनशेच्या घरात. बांधीव भिंती आणि खाडीकडे उघडणारे तोंड. भरतीला पाणी आत येई, त्याबरोबर जहाज आत घेत. ओहोटीला पाणी उतरले की ते तळावर टेकून राही आणि सुतार, लोहार, कलफाते त्याच्या बुडाशी कामाला लागत. लाकडी जहाजाच्या तळाला समुद्री किडा भोके पाडतो, शेवाळ आणि शिंपले चिकटतात, वेग मंदावतो. वर्षातून एकदा तरी बूड कोरडे करून, खरवडून, फटींत कापूस-काथ्या ठोकून, डांबर-तेलाचा हात द्यावा लागतो. ही सोय ज्याच्याकडे आहे त्याचेच आरमार पुढच्या मोसमात समुद्रावर दिसते. आता गोदीत गाळ भरला आहे. पण भिंतीची चिरेबंदी पाहिली की कळते, तट बांधताना जितका जीव ओतला तितकाच इथेही ओतला होता.

लाकडाचा विचार राज्यकर्त्यांनीही केला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात जहाजासाठी झाडे तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला राजी-खुशीशिवाय हात लावू नये, अशी सक्त ताकीद आहे. हा उतारा आपण पर्यावरणदिनाच्या भाषणांत वापरून गुळगुळीत केला. त्यामागचा हिशेब कठोर आहे. झाड वाढायला पिढी जाते, आणि रयत दुखावली तर खलाशी कुठून आणायचे? गाबित, भंडारी, कोळी, दालदी यांच्या वस्त्यांतूनच तांडेल आणि खलाशी मिळत.

आता जहाजे. आंग्र्यांच्या आरमाराचा कणा दोन प्रकारच्या तरांड्यांचा होता, गुराब आणि गलबत. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारण दीडशे ते तीनशे टनांची, उथळ तळाची. तिची नाळ पुढे लांब आणि सखल निघालेली असे, आणि नाळेच्या मागे तोंड पुढे करून दोन जड तोफा मांडलेल्या असत. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे असतात ना, त्यांच्यावर हे सगळे युद्धतंत्र उभे होते. दिवसा वारा समुद्रावरून, रात्री आणि पहाटे जमिनीवरून. दोहोंच्या मध्ये काही काळ वारा पडतो. त्या वेळी युरोपीय बनावटीचे उंच, जड जहाज शिडे लोंबकळत ठेवून जागच्या जागी डुलत राहते. नेमकी तीच वेळ साधून गलबते दोरखंडाने गुराबांना ओढत आणायची, शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी. नाळेवरच्या तोफांनी आधी डोलकाठ्या आणि सुकाणू निकामी करायचे, मग गलबतांतली माणसे वर चढायची. हल्ला फसला तर उथळ पाण्यात आणि पुढे खाडीत. पाठलाग करणारा आलाच, तर तो किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्यात येई. किल्ला, खाडी, गोदी आणि गलबत ही एकाच यंत्राची चाके होती. यातले एक काढले की उरलेली तीन फिरत नाहीत. ही गोष्ट मनात ठेवली तर विजयदुर्गाच्या इतिहासातली बरीच कोडी सुटतात.

कान्होजी आंग्र्यांचा काळ वाचताना एका शब्दाची अडचण येणार आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत ते चाचे आहेत. आपल्याकडे त्यावर लगेच चिडून उत्तर देण्याची रीत आहे. अभ्यासकाने चिडण्यापेक्षा परवान्यांकडे पाहावे. पोर्तुगीज दोनशे वर्षे आपल्या परवान्याशिवाय जहाजे हाकू देत नव्हते, कंपनीही आपले परवाने देत होती, आणि कान्होजी दस्तक देत होते. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या करारानंतर ते छत्रपती शाहूंचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. त्या करारात दहा किल्ले आणि सोळा ठाणी त्यांच्याकडे राहिली. तेव्हा भांडण होते ते या किनाऱ्यावर जकात घेण्याचा हक्क कोणाचा, याचे. दस्तक नसलेले जहाज पकडणे हे त्या हक्काचे पालन होते की लूट, हे ज्याच्या दप्तरात नोंद सापडेल त्याच्यावर ठरते.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने हा प्रश्न तोफांनी सोडवायचे ठरवले. १७१७ साली विजयदुर्गावर पहिली मोठी मोहीम आली. क्लेमेंट डाउनिंग नावाच्या, त्या काळात कंपनीच्या जहाजांवर काम केलेल्या माणसाने पुढे या मोहिमांची हकिगत लिहिली, १७३७ साली ती छापली गेली, आणि ती वाचताना आजही हसू आवरत नाही. तटाला लावायच्या शिड्या तोकड्या पडल्या. १७२० साली पुन्हा हल्ला, आणि या खेपेला ‘फ्राम’ नावाची एक तरंगती तोफशाळा सोबत. जाड लाकडाची, सपाट बुडाची, किल्ल्यापुढे उभी करून मारा करण्यासाठी खास बांधलेली. पण तिच्या तोफांच्या खिडक्या अशा ठेवल्या होत्या की तोफेचे तोंड वर होईना. गोळे तटापर्यंत जाण्याऐवजी पाण्यात पडू लागले. १७२४ साली डचांनीही येऊन हात पोळून घेतले.

या अपयशांना जोडून एक लोकप्रिय कथा आहे, पाण्याखालच्या भिंतीची. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाशी बांधलेली भिंत, तिच्यावर आदळून शत्रूची जहाजे फुटली, असे गावात आणि पर्यटनाच्या पत्रकांत सांगतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथे पाण्याखाली खरोखरच दगडांची एक रचना नोंदवली आहे, लांबी सुमारे १२२ मीटर. त्यामुळे भिंतीची कथा हवेतली नाही. पण रचना असणे ही एक गोष्ट आणि अमुक साली अमुक जहाज तिच्यावर फुटले ही दुसरी. डाउनिंगच्या पानांत पराभवाची कारणे ढिसाळ तयारी आणि तोकड्या शिड्या ही आहेत. नव्या अभ्यासकाला माझे सांगणे एवढेच, की भिंतीचा अभ्यास पाणबुड्यांवर सोडावा आणि जहाजांचा कागदांवर. दोन्ही पुरावे एका वाक्यात कोंबण्याची घाई करू नये.

कान्होजी १७२९ साली वारले. त्यांच्या मुलांत फूट पडली आणि १७३५ च्या सुमारास बाजीरावांच्या मध्यस्थीने वाटणी झाली: कुलाबा मानाजींकडे, सरखेली आणि दक्षिणेकडचे किल्ले संभाजींकडे. पुण्याच्या दृष्टीने हा शहाणपणाचा तोडगा होता, एक बलाढ्य सरदार दोन मध्यम सरदारांत विभागला गेला. आरमाराच्या दृष्टीने मात्र ऱ्हासाची तारीख शोधायची तर मी इथे बोट ठेवीन. तोफा, लाकूड, तांडेल, दस्तकाचे उत्पन्न, सगळे निम्मे निम्मे झाले आणि दोन्ही निम्म्यांचे पहिले काम एकमेकांवर नजर ठेवणे हे झाले.

संभाजींनंतर तुळाजी आले. ते जबरदस्त दर्यावर्दी होते यात शंका नाही. १७५४ साली त्यांनी डचांची तीन जहाजे एका लढाईत संपवली. पण जमिनीवर त्यांना एकही मित्र उरला नव्हता. सावंतवाडीकर विरोधात, मानाजी विरोधात, आणि पेशव्यांचा हुकूम तर ते जुमानीतच नसत. नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेऊन दाखवला.

मग विजयदुर्ग. ॲडमिरल वॉटसन राजाच्या आरमाराची मोठी लढाऊ जहाजे घेऊन योगायोगाने मुंबईत होता. ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’. सोबत फौज घेऊन रॉबर्ट क्लाइव्ह. निघण्यापूर्वी इंग्रज अधिकाऱ्यांनी बसून लुटीची वाटणी ठरवली, कोणाच्या हुद्द्याला किती हिस्सा यावरून कुरबूरही झाली. त्या वाटणीत मराठ्यांचे नाव नव्हते. रामाजी महादेव पेशव्यांची फौज घेऊन जमिनीच्या बाजूने आले होते. तुळाजी स्वतः बोलणी करायला मराठी छावणीत गेले आणि किल्ला नातलगाच्या हवाली केला. १२ फेब्रुवारी १७५६ च्या दुपारी इंग्रजी जहाजे दोन रांगांनी खाडीच्या तोंडात शिरली. आंग्र्यांचे सगळे आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून ठेवलेले होते. त्यात ‘रिस्टोरेशन’ हे पूर्वी कंपनीकडूनच पकडलेले जहाज होते. एक पेटता गोळा त्याच्यावर पडला, डोलकाठ्या पेटल्या, आग शेजारच्या गुराबीवर गेली, तिथून गलबतांवर, तिथून बांधणीत असलेल्या जहाजांवर. रात्र पडेपर्यंत एका पिढीचे काम जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. क्लाइव्ह रात्रीच जमिनीवर उतरून मराठी फौज आणि किल्ला यांच्या मध्ये जाऊन बसला होता, मित्राच्या आधी आत शिरता यावे म्हणून.

आत दोनशेच्या वर तोफा आणि एक लाख पौंडांच्या आसपास रोकड मिळाली. इंग्रजांची मेलेली आणि जखमी माणसे मिळून विसाच्या घरात. ‘केंट’वरचा सर्जन एडवर्ड आयव्ह्ज याने किल्ल्यात सापडलेल्या तुळाजींच्या आईची, बायकांची आणि मुलांची भेट लिहून ठेवली आहे. वॉटसन त्यांना धीर द्यायला गेला तेव्हा एका लहान मुलाने त्याचा हात धरला. आयव्ह्जला यात आपल्या ॲडमिरलचा कनवाळूपणा दाखवायचा आहे, पण प्रसंग त्याच्या हेतूपेक्षा मोठा आहे. त्या मुलाचा बाप उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत काढणार होता.

नानासाहेबांनी मराठी आरमार बुडवले, हे वाक्य आपल्याकडे म्हणीसारखे झाले आहे. मला ते अर्धेच पटते. जहाजे जाळावीत असे पेशव्यांच्या मनात नव्हते. ती त्यांना हवीच होती. त्यांची चूक वेगळी. घरातले भांडण मिटवायला त्यांनी अशा पाहुण्याला बोलावले ज्याच्या तोफांचा पल्ला आणि भूक, दोन्हींचा अंदाज त्यांच्याकडे नव्हता. त्या वर्षीच्या जूनमध्ये कलकत्ता पडले, आणि हीच जोडी, वॉटसन आणि क्लाइव्ह, तिकडे निघाली. पुढच्या वर्षी प्लासी.

इथे बहुतेक पुस्तके मिटतात. वास्तविक किल्ल्याचा तट जवळपास शाबूत होता. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने इंग्रजांनी बाणकोट ठेवून विजयदुर्ग पेशव्यांना परत दिला, आणि तिथे सरकारी आरमाराचा सुभा उभा राहिला. आनंदराव धुळप हे त्याचे नामवंत सुभेदार. त्यांच्या घराण्याचा वाडा गावात आहे. ८ एप्रिल १७८३ रोजी त्यांच्या आरमाराने रत्नागिरीजवळ कंपनीचे ‘रेंजर’ आणि सोबतची जहाजे तुंबळ लढाईनंतर पकडून विजयदुर्गात आणली. सालबाईचा तह आधीच ठरून गेला होता, त्यामुळे विजय खरा असूनही राजकारणात बिनकामाचा ठरला आणि जहाजे परत करावी लागली. १७५६ ला सगळे संपले असे म्हणणाऱ्यांनी ही लढाई जरूर वाचावी.

मग किल्ला निकामी झाला कसा? सुभ्याला नेमून दिलेल्या महालांतून पैसा वेळेवर येई का, दर मोसमाला किती तरांडी गोदीत चढत, तांडेलांचा पगार किती तुंबे, तोफा ओतवल्या जात की जुन्याच चालत, या प्रश्नांत उत्तर आहे. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला तेव्हा त्यांना त्याची गरज उरली नव्हती. मुंबईत त्यांची गोदी होती आणि किनाऱ्यावर शत्रू नव्हता. शत्रू नसलेल्या किल्ल्याला कोणी चुना लावत नाही. जांभ्याच्या सांध्यांत पिंपळ रुजतो, पावसाचे पाणी आत मुरते. पुढे आगबोटी आल्या, विजयदुर्ग बंदरात माणसे आणि आंब्याच्या पेट्या चढू-उतरू लागल्या, आणि तो खंदक, तो दरवाजा, ते बुरूज नुसते वाटेत राहिले.

किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ आहेत, आणि हेलियमचा शोध १८६८ सालच्या सूर्यग्रहणात इथे लागला असे दरवर्षी १८ ऑगस्टला सांगितले जाते. त्या ग्रहणाच्या वेळी, या शोधाशी ज्यांची नावे जोडली जातात त्या खगोलशास्त्रज्ञांपैकी नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होता आणि जान्सेन गुंटूरला. लॉकियर विजयदुर्गात आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, दुर्बिणी आणि युद्धनौकेवरचे खलाशी घेऊन. ही खरी हकिगत मला कल्पित कथेपेक्षा जास्त आवडते: जिथून कधी गोळे सुटत तिथे खलाशी सूर्याकडे दुर्बिणी रोखून उभे.

आता काम काय आहे ते सांगतो, कारण या क्षेत्रात माणसे कमी आहेत आणि जागा भरपूर. दा. गो. ढबू यांचा कुलाबकर आंगरे घराण्याचा इतिहास, सुरेंद्रनाथ सेन यांचे मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचे पुस्तक, भा. कृ. आपटे यांचा मराठी आरमारावरचा ग्रंथ आणि पिसुर्लेकरांचे पोर्तुगेज-मराठे संबंधांवरचे काम, एवढ्यावर पाया भक्कम होतो. त्यापुढे पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. आरमारी सुभ्याचा जमाखर्च वाचायला मोडी येणारा आणि हिशेबाचा कंटाळा नसणारा माणूस हवा आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी इतिहासाच्या विद्यार्थ्यापेक्षा इथे लवकर रमेल असे मला वाटते. स्थापत्य अभियंत्याने गिर्येच्या गोदीचे आणि तटाच्या पाण्याच्या निचऱ्याचे मोजमाप घ्यावे. २०२० च्या पावसाळ्यात तटाचा एक भाग ढासळला. जुलै २०२५ मध्ये विजयदुर्ग युनेस्कोच्या यादीतल्या बारा मराठा किल्ल्यांत गेला, त्यामुळे दुरुस्तीला पैसा येईल आणि चुकीच्या दुरुस्तीलाही तितकाच येईल; म्हणून मोजमाप आधी. आणि गाबित वस्तीत ज्याची ओळख आहे त्याने जुन्या तांडेलांकडून वाऱ्यांची, खडपांची आणि भरतीच्या वेळांची नावे लिहून घ्यावीत. हे काम पदवीशिवाय करता येते आणि ते सर्वांत तातडीचे आहे. पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असताना, तांडेलांकडे बोलायला वेळ असतो. नारळी पौर्णिमेनंतर नसतो.